बोयनाकला बांधू नका

आकगुयी विहीर, ३ फेब्रुवारी १९७८

सापारगुल पोरी,

तुझ्या बाबाचा सलाम. मुलगी झाल्याचं पिठाच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. त्यानं लांबूनच हॉर्न वाजवला तेव्हाच माझ्या जिवात जीव आला. मागच्या तिन्ही वेळा तो हॉर्न न वाजवता आला होता, खाली उतरून त्यानं टोपी काढली होती आणि चहालाही थांबला नव्हता. या वेळी पोटभर चहा प्यायला आणि वर माझ्या साखरेचे खडे खिशात घालून गेला. जाऊ देत.

तिचं नाव दुर्सुन ठेवा. ‘राहू दे’ असं देवाकडे मागणारं नाव आहे. मागच्या तिघांना तुम्ही फुलांची आणि चंद्राची नावं ठेवलीत, मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता पुढचं दोनदा वाच. जावयालाही, बेगेंचलाही वाचून दाखव. त्याला ही म्हाताऱ्याची किरकिर वाटते हे मला ठाऊक आहे. वाटू दे.

मी पाठवलेला कुत्रा, बोयनाक, तुमच्या अंगणात दोन वर्षं एकुलता एक म्हणून वाढला. आता घरात आणखी एक जीव आला आहे आणि तो कोण हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. एवढं मोठं जनावर, उभं राहिलं तर बेगेंचच्या खांद्यावर पंजे टेकतं. त्याच्या मनात शंका राहता कामा नये. आमच्याकडे कळपात नवं कोकरू आधी कुत्र्याच्या नाकापुढे धरतात. तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. तोंड फिरवलं म्हणजे नको म्हणाला असं नाही, ‘कळलं, हे माझ्या राखणीतलं’ असा त्याचा अर्थ. तुझा बाळंतपणाचा चाळीस दिवसांचा चिल्ला संपेपर्यंत मूल उंबऱ्याबाहेर नेता येणार नाही, म्हणून तिचं दुपटं त्याच्याकडे ने. न धुतलेलं. तो झोपतो तिथे डोक्याखाली घाल. दर दोन दिवसांनी दुसरं घाल. त्याच्या भाकरीच्या तुकड्यावर तुझ्या दुधाचे दोन थेंब टाक. हसू नकोस. तुझ्या आईनं तुझ्या वेळी हेच केलं होतं, आणि बोयनाकची पणजी तुझ्या पाळण्याखालून हलत नव्हती.

खायला सातूच्या पिठाची पेज, कोमट. गरम दिलीत तर त्याचं नाक मरेल. कोंबडीची हाडं अजिबात नकोत. तो खात असताना मध्ये कुणी जायचं नाही. आणि त्याला बांधू नका. पूर्वीही सांगितलं होतं, परत सांगतो. बांधलेला नाही ना?

तू डाव्या कुशीवर झोप. खिडकी लावून घे.

बाबा


तेजेन, ११ फेब्रुवारी

बाबा,

सलाम. पत्र दोनदा वाचलं. बेगेंचनं एकदाच ऐकलं आणि म्हणाला, ‘‘पोरीबद्दल चार ओळी आणि कुत्र्याबद्दल पानभर. तुझ्या बापाला नक्की नात कोण झाली?’’ पण नाव दुर्सुनच ठेवलं आहे. त्यालाही आवडलं, तसं म्हणणार मात्र नाही.

ती दूध नीट पिते. रडते तेव्हा आवाज खणखणीत असतो. मागच्या वेळच्यासारखा बारीक नाही. रात्रीत मी कितीदा उठून तिच्या नाकापुढे बोट धरते ते विचारू नका.

दुपट्याचं तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिलं दिलं तेव्हा बोयनाकनं ते हुंगलं, तोंड फिरवलं, मग अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन त्यावर बसला. दुसऱ्या दिवशी ते तोंडात धरून माझ्या खिडकीखाली आणलं. आता तिथेच झोपतो. ती रडली की उठून भिंतीला कान लावतो. कान म्हणजे तुम्ही कापून ठेवलेले ते दोन खुंट.

शेजारच्या ओगुलबिके-एजे रोज येतात; सगळी गल्लीच त्यांना ‘एजे’, आई, म्हणते. त्यांची नऊ मुलं, नऊच्या नऊ जिवंत, त्यामुळे कुणाकडे मूल टिकत नसेल तर सगळी गल्ली त्यांच्याच दारात जाते. येताना बोयनाकसाठी शिळी भाकरी आणतात आणि त्याला म्हणतात, ‘‘काय रे खोंडा, तुझ्या म्हाताऱ्यानं कुत्रा म्हणून पाठवला आणि निघालास गाढव. खातोस किती.’’ तो त्यांच्या हातचं खातो आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. त्यांचा पाय बधिर होतो, पण त्या हलत नाहीत.

त्या म्हणतात, या वेळीही मूल माझ्या नावावर करून टाक. मी चोरून नेते, माझी मुलगी म्हणून घरी ठेवते, मग तू येऊन माझ्याकडून परत घे. म्हणजे जो तीन वेळा मूल न्यायला येऊन गेला त्याला पत्ता सापडायचा नाही. मागच्या वेळीही आपण हे केलं होतं, तरी उपयोग झाला नाही. तुम्हाला काय वाटतं?

एक गोष्ट सांगणार नव्हते, पण तुम्ही सरळच विचारलंत. बोयनाक दिवसा बांधलेला असतो. गेल्या महिन्यात विजेचं मीटर बघणारा आला होता. बोयनाकनं त्याला आडवा केला आणि छातीवर दोन्ही पंजे ठेवून बसला. चावला नाही, नुसता बसला. बेगेंच कारखान्यातून येईपर्यंत तसाच. तो माणूस पडल्या पडल्या म्हणत होता, ‘‘वहिनी, आकडा तुम्हीच वाचा, मी लिहून घेतो.’’ तेव्हापासून बेगेंच साखळी घालतो. रागावू नका.

तुमची सापारगुल


आकगुयी विहीर, १९ फेब्रुवारी

सापारगुल,

बांधलंत. मला वाटतच होतं. इथे बसल्या बसल्या मला साखळीचा आवाज ऐकू येत होता.

बांधलेल्या कुत्र्याला साखळी जाते तेवढंच जग उरतं आणि त्या जगात येणारा प्रत्येक जण चोर असतो. मोकळ्या कुत्र्याला माणूस ओळखायला वेळ मिळतो. मीटरवाल्याला त्यानं चावलं नाही, कारण तोवर तो मोकळा होता. आता दोन महिने साखळीत ठेवलात तर पुढच्याला तो चावेल, आणि पुढचा कोण असेल हे तुला किंवा मला माहीत नाही. आजच सोड. बेगेंचला म्हणावं, सासऱ्यानं हात जोडले आहेत. अंगणाचं फाटक लावून ठेवा, बाहेर पाटी लावा, पण साखळी काढा. पोरगी असलेल्या घरात साखळीतला कुत्रा मला नको.

आता चोरीचं. मी यावर बरेच दिवस विचार करतो आहे, झोप लागत नाही तेव्हा दुसरं काम काय. मागच्या वेळी ती केलीत पण थट्टा म्हणून केलीत. बायका जमल्या, चहा झाला, ओगुलबिकेनं सगळ्यांसमोर मूल पदराखाली घेतलं, तू हसत होतीस, कुणीतरी डफ वाजवला. जो न्यायला येतो तो बहिरा आहे का? आंधळा आहे का? त्यानं सगळं पाहिलं असणार.

या वेळी खरी चोरी करा. दिवस कुणालाही ठाऊक नसावा, तुला तर अजिबात नाही. तू पहाटे गल्लीतल्या तंदूरवर भाकरी लावायला जाशील तेव्हा ओगुलबिकेनं भिंतीवरून उतरावं, दारानं आत जावं आणि मूल कपड्याखाली झाकून खिडकीतून बाहेर काढावं. दारानं बाहेर पडायचं नाही, दार त्याच्या ओळखीचं आहे. भिंत ओलांडून ती स्वतःच्या घरात जाईपर्यंत तिनं मूल खाली ठेवायचं नाही. काही झालं तरी नाही. मध्ये जमिनीला लागलं तर चोरी मोडली. तू परत येशील, पाळणा रिकामा बघशील, खरंच घाबरशील, खरंच रडशील. ते रडणं त्याला ऐकू गेलं पाहिजे. मग तो समजेल की इथलं मूल गेलं.

तुझ्या काळजाला हे कठीण आहे. पण एकदा या चोरीसाठी रडलीस तर पुढे तिच्यासाठी रडावं लागणार नाही.

ओगुलबिकेला बोयनाक ओळखतो, तिच्या हातचं खातो, तेव्हा भिंतीवरून येण्याची काळजी नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. हे पत्र तिला वाचून दाखव.

बाबा

ओगुलबिकेचं वय झालं आहे, भिंत किती उंच आहे ते कळव.


तेजेन, २७ फेब्रुवारी

बाबा,

साखळी काढली. बेगेंच म्हणाला, ‘‘चावला तर मी तुझ्या बापाला बांधीन.’’ पण काढली त्यानंच. बोयनाक अंगणभर दोनदा धावला आणि परत खिडकीखाली येऊन बसला, जणू काही झालंच नाही.

तुमचं पत्र एजेंना वाचून दाखवलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चोरीचा भाग परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘‘म्हातारा घाबरट आहे, पण बरोबर बोलतो. मागच्या वेळी मीच जास्त हसले होते.’’ भिंत त्यांच्या छातीइतकी आहे. त्यांच्या बाजूला त्या एक खोकं ठेवणार आहेत. त्यांचा मोठा मुलगा ओराझ म्हणत होता की मी उतरवतो, तर त्याला म्हणाल्या, ‘‘नऊ बाळंतपणं केली तेव्हा तू खोकं धरायला होतास का?’’

दिवस कोणता ते मी विचारलं नाही. आता रोज पहाटे तंदूरकडे जाताना दोनदा मागे वळून बघते. परत येते, पाळण्यात ती असते, आणि मला बरंही वाटतं आणि वाईटही. लवकर होऊन जाऊ दे.

तुमची सापारगुल


तेजेन, १४ मार्च

होम्मत आगा,

जावई असून मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सापारगुलला लिहिता येत नाहीये, म्हणून मी लिहितो.

दुर्सुन ठीक आहे. हे आधी लिहितो. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

मंगळवारी मी रात्रपाळी करून आलो होतो आणि आतल्या खोलीत आडवा झालो होतो. सापारगुल तंदूरवर गेलेली. एजे भिंतीवरून उतरल्या ते मी ऐकलं. त्या हळू आवाजात बोयनाकला म्हणाल्या, ‘‘गप रे गाढवा, मी आहे.’’ त्यांनी भाकरी टाकली, त्यानं खाल्ली. मला कळलं की आज तो दिवस आहे, म्हणून मी मुद्दाम डोळे मिटून पडून राहिलो. मी उठलो असतो तर.

त्या दारानं आत आल्या. त्यांना त्यानं आत येऊ दिलं. मग खिडकीची कडी वाजली. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. तो भुंकलाच नाही, होम्मत आगा. भुंकला असता तर मी लगेच उठलो असतो. एजेंच्या ओरडण्यानं मी बाहेर धावलो.

त्या भिंतीजवळ पाठीवर पडल्या होत्या. उजवा हात कोपराच्या वर त्याच्या तोंडात होता. डाव्या हातानं त्यांनी दुर्सुनला वर धरलं होतं, जमिनीपासून लांब. मी ओरडलो, ‘‘एजे, पोरीला खाली ठेवा, तो सोडेल.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ठेवणार नाही. मोडेल.’’ मी फावड्यानं मारलं. फावड्याचा दांडा मोडला. तो माझ्याकडे बघतही नव्हता, पोरीकडे बघत होता. मी पोरीला घ्यायला गेलो तर एजे मलाही देईनात. त्या तिला धरून राहिल्या आणि तो त्यांना.

तेवढ्यात सापारगुल धावत आली, हातात भाकऱ्या तशाच. तिनं पोरीला एजेंच्या हातातून ओढून घेतलं. पोरगी तिच्या छातीशी लागल्याबरोबर बोयनाकनं तोंड उघडलं. जाऊन खिडकीखाली बसला.

एजे दवाखान्यात आहेत. हात काढावा लागला. काल ताप चढला आहे. ओराझ आणि त्याचे भाऊ दारात येऊन उभे राहिले होते.  पोलीस आला होता, कुत्र्याला गोळी घालतो म्हणाला. सापारगुल दारात आडवी उभी राहिली. ती म्हणते, चोरी मोडली, न्यायला येणाऱ्याला सगळं कळलं, आता या कुत्र्याच्या जिवावरच पोरगी आहे, तो मेला तर ती मरेल. ती जेवत नाही. मी पोलिसाला सांगितलं की कुत्रा ज्याचा आहे तो येतो आहे.

तेव्हा तुम्ही या.

बेगेंच


आकगुयी विहीर, १८ मार्च

बेगेंच,

हे पत्र या ट्रकनं, मी पुढच्या ट्रकनं. तोवर बोयनाकला कुणी गोळी घालता कामा नये. त्याला आता बांध. हो, आता बांध. पाणी दे.

तू उठला नाहीस हे मनात ठेवू नकोस. तू झोपल्याचं सोंग घेतलंस ते मी सांगितलेलं काम म्हणून.

आमच्याकडे शेजारच्या कळपाचा मेंढपाळ येतो, आमच्या शेकोटीशी बसतो, चहा पितो, कुत्रा त्याच्या मांडीशी झोपतो. तोच माणूस उठून कोकरू काखेत मारून निघाला तर कुत्रा त्याला फाडतो. चेहरा ओळखीचा असला तरी. सापारगुल सात वर्षांची असताना मी तिला हे दाखवलं होतं. आणि मीच ओगुलबिकेला सांगितलं, झाकून ने, खिडकीतून ने, खाली ठेवू नकोस. तिनं खाली ठेवलं असतं तर त्यानं त्याच क्षणी सोडलं असतं. तिनं माझं ऐकलं. त्यानंही माझंच ऐकलं.

तिचा ताप उतरला का? मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन येतो आहे, जखमेला लावतात. दवाखान्यात लावू देतील का ते विचारून ठेव.

होम्मत


तेजेन, १० एप्रिल

बाबा,

तुम्ही बोयनाकला घेऊन गेल्यापासून अंगण फार मोठं वाटतं. दुर्सुन रडते तेव्हा मी सवयीनं खिडकीकडे बघते.

एजेंना पुरलं तेव्हा त्यांच्या मुली माझ्याजवळ बसल्या नाहीत. मी लांब बसले. उठताना त्यांची धाकटी मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘‘आईनं तुला निरोप ठेवला आहे. आम्हाला सांगायचा नव्हता, पण ठेवला आहे.’’ एजे म्हणाल्या होत्या, ‘‘सापारगुलला सांगा, चोरी मोडली असं समजू नको. चोरी नाही जमली, तर मी विकत घेतली. हात दिला. पोरगी माझी. ती नुसती दाई आहे, दूध पाजायला. नीट पाज म्हणावं.’’ बाबा, त्या हे बोलताना हसल्या होत्या, असं ती म्हणाली. मला ते सहन होत नाही.

पण त्यांनी किंमत दिली आणि त्याच गेल्या. मग तो सौदा कुणाशी झाला? मला भीती वाटते. म्हणून मी बोयनाकलाच धरून आहे. पुरुषांच्या बैठकीत तुमचं आणि ओराझचं काय बोलणं झालं ते बेगेंच सांगत नाही. मी विचारतही नाही. तुम्ही जाताना दुर्सुनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात की तो तुमच्याकडे राहील, कुणी त्याला हात लावणार नाही. तुमच्या त्या शब्दावर मी पुन्हा जेवायला लागले.

तो खातो का? मारामुळे त्याचं मागचं पाऊल लंगडत होतं, ते बरं झालं का? त्याला माझी आठवण येते का, तेही लिहा.

तुमची सापारगुल


आकगुयी विहीर, १८ एप्रिल

बेगेंच,

हे पत्र ट्रकवाला तुला कारखान्याच्या फाटकावर देईल. तिथेच वाच आणि तिथेच जाळ.

बैठकीत मी ओराझसमोर भाकरीवर हात ठेवून कुत्र्याच्या जिवाचा शब्द दिला तेव्हा तू बाजूला होतास. त्यांची आई गेली होती, त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. तू आणि मी गप्प बसलो असतो तरी त्यांचा हक्क होता. आणि त्याच दुपारी पोरीनं मूल पुढे केलं आणि मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उलटा शब्द दिला. दोन्ही हात माझेच.

वाटेत मी ठरवलं होतं की कुठला शब्द मोडायचा ते इथे आल्यावर ठरवू. इथल्या मेंढपाळांनी ट्रक थांबताच विचारलं, यानं माणूस मारला ना? मग उन्हाळ्यात इथे आमच्या बायका आणि पोरं येतात, हा इथे राहायचा नाही. तेही बरोबर होतं. पण मला त्या कारणाची गरज नव्हती. ओराझच्या तोंडाकडे मी पाहिलं होतं.

बोयनाक उतरला, सगळा कळप हुंगला, मग त्याची आई जिथे झोपायची त्या खड्ड्यात जाऊन बसला. त्याला लहानपणीची जागा आठवली असं कसं म्हणावं, पण बसला. सकाळी मी त्याला पेज दिली, कोमट. तो खात असताना मध्ये जायचं नाही हे मीच तुम्हाला सांगत होतो, म्हणून खाऊन होईपर्यंत थांबलो. मग टेकडीवर नेलं. बंदूक मेंढपाळांची. तो माझ्याकडे पाठ करून कळपाकडे बघत बसला होता, त्यामुळे सोपं गेलं. सोपं गेलं असं लिहितो आहे, तू तसंच वाच.

कुत्र्याला आमच्यात कुणी पुरत नाही. मी पुरला.

ओराझला सांग की शब्द पाळला. सापारगुलला सांगू नकोस. मूल वर्षाचं होईपर्यंत तरी नाही. मी मुलाच्या डोक्यावरचा शब्द मोडला आहे, बेगेंच. पोरीला काही झालं तर ते माझ्या हातानं झालं असेल. मला दर ट्रकनं तिची खबर पाठव. ट्रकवाल्याला सांग, हॉर्न वाजवत ये.

होम्मत


आकगुयी विहीर, १८ एप्रिल

सापारगुल पोरी,

बोयनाक ठीक आहे. लंगडणं कमी झालं. रोज सकाळी टेकडीवर जाऊन कळपाकडे बघत बसतो. पेज पूर्ण संपवतो. तुझी आठवण येते की नाही ते कसं सांगू, पण ट्रक आला की मान वर करतो.

ओगुलबिकेचा निरोप खरा मान. तिनं किंमत दिली, सौदा झाला. तिच्याशीच झाला. तू दूध पाज.

बाबा


तेजेन, ७ जुलै

बाबा,

दुर्सुनला ताप आहे. शुक्रवारपासून. दूध ओकते. डॉक्टर म्हणतात उन्हानं, पण मागच्या वेळीही ते असंच म्हणाले होते. तिचे डोळे वर गेले होते काल, मग परत आले.

मला खरं सांगा. बोयनाक जिवंत आहे ना? बेगेंचला विचारलं तर तो बाहेर निघून जातो. तुम्ही दोघं मिळून मला काही सांगत नाही आहात का? तो नसेल तर मला कळू द्या, म्हणजे मी वेगळं काही करीन, कुणाकडे तरी जाईन. तुमच्या उत्तराशिवाय मला काही सुचत नाही. ट्रकवाला तुमच्याकडे थांबून उत्तर घेऊनच येईल.

सापारगुल


आकगुयी विहीर, ९ जुलै

जिवंत आहे. आज सकाळी माझ्यासमोर खाल्लं. पोरगी बरी होईल. तिला पाणी पाजत राहा, चमच्या चमच्यानं. ट्रकवाला बाहेर उभा आहे.

बाबा


तेजेन, २ मार्च १९७९

बाबा,

दुर्सुन चालते. चालते म्हणजे चार पावलं टाकते, बसते आणि रागानं जमिनीला चापट मारते. एक वर्ष होऊन गेलं तिला. आमच्याकडे वर्ष कुणी पाहिलं नव्हतं.

काल ओराझ भिंतीपलीकडे उभा होता. वर्षभर त्यानं आमच्याकडे मान वळवली नव्हती. दुर्सुन भिंतीशी गेली आणि आधार घेऊन उभी राहिली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आईची आहे ना ही? मग आमची बहीणच.’’ आणि त्याच्या बायकोनं भिंतीवरून एक भाकरी दिली. मी घेतली. आत जाऊन रडले.

आम्ही येतो आहोत. बेगेंचला सुट्टी नाही, पण ट्रकवाला म्हणाला, मला आणि पोरीला घेऊन येईन. उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात कळप लांबच्या विहिरीवर आहे, पुढे म्हणालात रस्ता वाहून गेला, थंडीत म्हणालात मूल आजारी पडेल. आता काही म्हणू नका. तिला बोयनाकच्या मानेला धरून उभं करायचं आहे मला. तिच्यासाठी त्यानं जे केलं ते तिला सांगता येणार नाही, पण धरता तर येईल.

तुमची सापारगुल


आकगुयी विहीर, ९ मार्च

सापारगुल पोरी,

ये.

रस्ता चांगला आहे. थंडी गेली. कळप इथेच आहे. बोयनाक कळपात नाही.

तो मागच्या एप्रिलपासून टेकडीवर आहे, मातीखाली. मीच ठेवला. ओराझला भाकरीवर शब्द दिला होता तो पाळला आणि तुझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दिला तो मोडला. जुलैत तू विचारलंस तेव्हा तो जाऊन तीन महिने होत आले होते. माझ्यासमोर खाल्लं असं मी लिहिलं. काही कुत्र्यांना मी सकाळी पेज घातली होती, त्यातल्या एकाला बघून लिहिलं.

बेगेंचवर रागावू नकोस. मी त्याला गप्प बसवलं होतं.

तू म्हणत होतीस तिचा श्वास त्याच्या श्वासाला बांधलेला आहे. मलाही तसंच वाटत होतं, तुझ्यापेक्षा जास्त वाटत होतं, कारण तो नाही हे मला माहीत होतं. वर्षभर मी ट्रक दिसला की आधी हॉर्नसाठी कान देत होतो. ती त्याच्याशिवाय वर्षभर जगली, पोरी. कुणाशी बांधलेली नाही. आपापली जगते आहे. हे तुला वर्ष झाल्याशिवाय सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

तू येऊन मला काही बोलशील ते बरोबर असेल. बोलली नाहीस तरी बरोबर. टेकडी तुला दाखवीन, चढ फार नाही.

फक्त ट्रकमधून उतरताना आधी तिला पुढे कर. मला आधी ती दिसू दे.

बाबा